मे महिन्यातलं बेट

मार्च उजाडला की मे महिन्यातल्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अलीकडे त्यांत काश्मीर आणि केरळच्या बरोबरीने बेटंही झळकू लागली आहेत. अंदमान मराठी माणसाला नवं नाही. सेल्युलर जेलमुळे ते नाव आपल्याकडे शाळकरी वयापासून कानावर असतं. त्याच्या जोडीला आता मालदीव, फुकेत, बाली, लक्षद्वीप आली. संगमनेरसारख्या गावात, जिथून समुद्र बघायचा तर आधी सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो, या जाहिरातींची ओढ जरा जास्तच असणार. निळंशार पाणी, पांढरी वाळू, बादली-फावडं घेऊन किनाऱ्यावर बसलेलं मूल. ते चित्र खोटं नसतं, पण ते बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतलं असतं आणि आपण जातो मेमध्ये. घरात सात-आठ वर्षांखालची मुलं असतील तर बेटाचं नाव, हॉटेलचे तारे, पाण्याचा रंग या सगळ्याच्या आधी एकच चौकशी करावी, असं माझं म्हणणं आहे: त्या बेटावर मेमध्ये वारा कुठून वाहतो? ही चौकशी केली तर आपल्याकडे सर्वाधिक खपणारी बेटं यादीतून गळतात आणि ज्यांचा विचारही होत नाही अशी एक-दोन पुढे येतात.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात, मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी लागते, जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरते. निकाल, घरातलं एखादं लग्न, मुलांचं आजोळ असं सगळं उरकून कुटुंब निघतं तेव्हा मेचा दुसरा पंधरवडा लागलेला असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरात शिरण्याचीही नेमकी तीच वेळ. पाऊस केरळात १ जूनला येतो हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधी सुमारे दहा दिवस, २०-२२ मेच्या आसपास, तो दक्षिण अंदमान समुद्रात पोचलेला असतो हे सहलीच्या हिशेबात कुणी धरत नाही. २०२५ साली तर तो १३ मेलाच तिथे दाखल झाला होता. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा मे ते सप्टेंबरमधला. संगमनेर पर्जन्यछायेतलं, वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटरवर भागवणारं. त्यामुळे मेमधला पाऊस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वळवाची तासाभराची सर येते, मातीचा वास येतो. बेटावरचा पाऊस दोन-दोन, तीन-तीन दिवस हटत नाही. शिवाय मे हा उपसागरातल्या चक्रीवादळांचा महिना. २०२० चं अम्फान, २०२१ चं यास, २०२२ चं असानी, २०२३ चं मोखा, २०२४ चं रेमाल ही पाचही वादळं लागोपाठच्या पाच वर्षांत मे महिन्यातच आली. त्यांचा तडाखा दुसऱ्याच किनाऱ्यांना बसला हे खरं. पण वादळ कुठेही जाणार असलं तरी समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी आधी थांबतात.

हाच वारा अरबी समुद्रात आणि अंदमानच्या पलीकडे थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही वाहतो. मालदीवचा पावसाळा मे ते ऑक्टोबर. फुकेत आणि क्राबीच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर याच महिन्यांत लाटा उठतात आणि पोहायला मनाई करणारे लाल झेंडे लागतात. लक्षद्वीपची जहाजं पावसाळ्यात कमी होतात. इतक्या लांब कशाला, आपल्याच किनाऱ्यावर गेटवे ते मांडवा आणि मालवण ते सिंधुदुर्ग किल्ला ही प्रवासी वाहतूक दरवर्षी २६ मेच्या सुमारास बंद होते ती ऑगस्टअखेरपर्यंत. ज्या आठवड्यात मालवणचा नावाडी होडी किनाऱ्यावर ओढून घेतो, त्याच आठवड्यात आपण त्याहून मोठ्या पाण्यात मुलांना घेऊन जायचं आरक्षण केलेलं असतं. मेमध्ये या बेटांची पॅकेजं स्वस्त का मिळतात, याचं उत्तर यात आहे. ती सवलत कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही.

दोन मोठी माणसं असतील तर बिघडलेल्या हवेत फार तर सहल फिकी होते. खोलीत बसतील, पत्ते खेळतील, परत येऊन हसतील. मुलांच्या बाबतीत हिशेब बदलतो, कारण लहान मूल आणि पाणी यांचा संबंध मुळातच धोक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. नगर-नाशिककडे हे आकडे वाचून दाखवायची गरज नसावी. प्लास्टिक अंथरलेल्या निसरड्या शेततळ्यात मुलं गेल्याच्या बातम्या इथे अधूनमधून येतच असतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना पोहता येत नाही, आणि ज्यांना येतं ती विहिरीत किंवा तलावात शिकलेली. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं आणि गुडघाभर पाण्यात उभं असलेलं चार वर्षांचं पोर एका लाटेसरशी आडवं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती धडधाकट तरुण मुलं होती आणि ते दिवसही पावसाळ्याचे नव्हते. लाल झेंड्याचा अर्थ मोठ्यांना कळतो. आठवडाभर बादली-फावडं हातात धरून ‘समुद्र कधी?’ विचारणाऱ्या मुलाला तो समजावून सांगणं आणि चार दिवस त्याला पाण्यापासून धरून ठेवणं, ही कुठल्याही आईबापाची सुट्टी होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. सहलीच्या पत्रकात प्रवास मुंबईपासून मोजलेला असतो. संगमनेरच्या माणसाचा तो दाराशी सुरू होतो. मुंबईचा विमानतळ म्हणजे सिन्नरवरून समृद्धी महामार्ग धरला तरी चार-पाच तास. ५ जून २०२५ ला इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडा खुला झाल्याने कसारा घाटाची कटकट तेवढी गेली. पुण्याला जायचं तर आळेफाटा, नारायणगाव आणि मग चाकणची कोंडी, जिचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. काकडीचं शिर्डी विमानतळ तळेगाव दिघेमार्गे तासाभरावर आहे, २०१७ पासून चालू आहे. तिथून हैदराबादसारखं एखादं शहर गाठून पुढचं विमान पकडणं जमलं तर उत्तम, पण वेळा जुळतीलच असं नाही. अंदमानचा हिशेब करून बघा: घर ते विमानतळ, तिथून बहुधा चेन्नई किंवा कोलकाता, तिथून श्री विजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, मग धक्क्यावर रांग, मग दीड-दोन तासांची बोट आणि मग स्वराज द्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक. पाच टप्पे जायचे, पाच यायचे. गाडी लागणाऱ्या मुलाला बोट हमखास लागते. शिवाय सगळे टप्पे सारखे नसतात. रस्त्यावरचा टप्पा हवा तिथे थांबवता येतो, मुलाला उतरवता येतं, पाणी पाजता येतं. बोटीचा टप्पा मधे थांबवता येत नाही, आणि बोट निघणारच नसेल तर पुढचं सगळंच अडकतं. डिसेंबर २०१६ मध्ये कमी दाबाच्या पट्ट्यामुळे तेव्हाच्या हॅवलॉक आणि नील बेटांवर हजारावर पर्यटक अडकून पडले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तो तर तिथला ऐन हंगामाचा महिना होता.

अडकून पडण्याची भीती जेवणखाण्यापेक्षा दवाखान्यासाठी जास्त. तीन वर्षांच्या मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की सहा-आठ तासांत अंगातलं पाणी इतकं कमी होऊ शकतं की सलाईनची वेळ येते. दमट उन्हात तर त्याहून लवकर. संगमनेरात अशा वेळी दहा मिनिटांत बालरोगतज्ज्ञ गाठता येतो, रात्री दोनलाही; या गावाची ती मोठी सोय आहे आणि ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की परगावी ती नसेल हे सुचतच नाही. स्वराज द्वीपावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचं काही लागलं तर श्री विजयपुरमचं गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, म्हणजे पुन्हा पाणी ओलांडणं. मालदीवमध्ये एकेका बेटावर एकेक रिसॉर्ट, मोठं सरकारी रुग्णालय राजधानी मालेला आणि दूरच्या रिसॉर्टना जोडणारी समुद्रविमानं फक्त दिवसाउजेडी उडणारी. लक्षद्वीपची वस्ती असलेली दहाही बेटं मिळून जमीन जेमतेम तीस चौरस किलोमीटर. गंभीर रुग्णाला हवाईमार्गे कोचीला न्यावं लागतं. ज्या छोटेपणावर नवविवाहित जोडपी भाळतात, तोच छोटेपणा कडेवर मूल असलं की अडचणीचा होतो. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या, तिन्ही बाजूंनी खोल पाणी असलेल्या खोलीत नुकतं चालायला लागलेलं मूल घेऊन राहायला जाणाऱ्यांचं मला खरोखर नवल वाटतं.

मग मेमध्ये जावं कुठे? विषुववृत्ताच्या दक्षिणेला, कारण आपला पावसाळा तो तिथला कोरडा हंगाम. मॉरिशस हे त्याचं उत्तम उदाहरण. तिथला वादळांचा हंगाम मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये उकाडा ओसरलेला असतो, हवा विशी-पंचविशीत येते आणि समुद्र अजून कोमट असतो. बेटाभोवती जवळपास सगळीकडून प्रवाळाचा बांध आहे. लाटा त्या बांधावर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी उरतं. लहान मुलांना समुद्राची पहिली ओळख करून द्यायला याहून चांगली रचना निसर्गाने केलेली नाही. एक काळजी घ्यावी: मेपासून आग्नेयेकडचे वारे जोर धरतात, तेव्हा पूर्व किनाऱ्याऐवजी आडोशाची पश्चिम आणि वायव्य बाजू, फ्लिक-आँ-फ्लाक किंवा त्रू-ओ-बिशकडची, निवडावी. मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांचं, घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे मुलांच्या झोपेचं वेळापत्रक फारसं विस्कटत नाही. उतरल्यावर बोट नाही. बेट मोठं, रस्ते चांगले, रुग्णालयं रस्त्याने गाठता येणारी. आणि मराठी वाचकासाठी एक वरकड गोष्ट: १८३४ नंतर करारावर गेलेल्या मजुरांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवलं जातं. एवढ्यासाठी कुणी मॉरिशसला जाऊ नये, पण परदेशात मराठी आडनावाची पाटी दिसली तर मुलांना काही सांगायला विषय मिळतो.

मॉरिशस खिशाला जड आहे, हे मान्य. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतंत्र जागा आणि जवळजवळ पूर्ण भाडं, म्हणजे दोन मुलांचं चौकोनी कुटुंब चार तिकिटांच्या खर्चात जातं. अशा घराने श्रीलंकेचा पूर्व किनारा बघावा. श्रीलंकेत दोन मोसमी वारे दोन बाजूंना आळीपाळीने पाऊस देतात: मेमध्ये कोलंबो, गॉल, बेंटोटाची नैर्ऋत्य बाजू भिजत असते, तेव्हा डोंगरांच्या आडोशाला त्रिंकोमाली आणि पासिकुडाची बाजू कोरडी असते. सह्याद्री आणि संगमनेर यांचं जे नातं आहे, तेच हे. पासिकुडाचा उपसागर तर उथळपणासाठीच प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने आत बरंच चालत जावं तरी पाणी कमरेला लागत नाही. मुंबई-कोलंबो विमान अडीच तासांचं, घड्याळ आपलंच. बहुतेक पॅकेजं मात्र मेमध्येही आपल्याला कोलंबो-बेंटोटाकडेच नेतात, कारण ती बाजू विमानतळाला जवळ पडते. पूर्व किनारा विमानतळापासून गाडीने सहा-सात तास आहे. हा दोष मी लपवत नाही, पण तो रस्त्यावरचा टप्पा आहे: दांबुल्लाला एक मुक्काम टाकून तोडता येतो आणि त्या भागातली हत्तींची अभयारण्यं मुलांना समुद्राइतकीच आवडतात. इडली, भात, मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं घट्ट दही सगळीकडे मिळतं. दुधाच्या गावच्या माणसाला त्या दह्याबद्दल मत द्यायला आवडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली श्रीलंका हिवतापमुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे, मॉरिशसमध्येही तो अधूनमधून येतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच.

बालीबद्दल थोडक्यात. हवेच्या दृष्टीने मे तिथे छान. सानूर, नुसा दुआची बाजू शांत पाण्याची. पण प्रवास लांबचा, घड्याळ अडीच तास पुढे, आणि २००८ पासून त्या बेटावर रेबीजचा फैलाव आहे. देवळांभोवतीची माकडं आणि मोकाट कुत्री हे मुलांचं पहिलं आकर्षण असतं. मुलं दहा वर्षांची होऊ द्यावीत, मग जावं.

यावर पहिला आक्षेप असा की इतकी उस्तवार कशाला, मुलांना मोठेपणी यातलं काही आठवतच नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला आठवणार नाही, हे खरं. पण मग ती सहल आईवडिलांच्या विश्रांतीसाठी आहे, आणि त्यांची विश्रांती मुलाच्या झोपेवर, पोटावर अवलंबून असते. म्हणजे या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो सोपं बेट निवडण्याचाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आपलं कोकण काय वाईट? काहीच नाही. दोन वर्षांखालचं मूल असेल तर पासपोर्टच्या फंदात न पडता मेच्या पहिल्या आठवड्यात कोकण किंवा गोवाच गाठावा, असं मीही म्हणेन. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे, जी आपल्या किनाऱ्यांवर मोजक्याच ठिकाणी दिसते. पण कोकण जवळ आहे हा समज मुंबई-पुण्याच्या लोकांचा. संगमनेरहून गुहागर-दापोली म्हणजे मेच्या उन्हात अख्खा दिवस गाडीत. घराबाहेर जवळपास तेवढेच तास काढून कोलंबो गाठता येतं. तिसरा आक्षेप हौशी लोकांचा: पावसात भिजायला मुलांना आवडतंच की. आवडतं, आणि त्यासाठी जुलैत भंडारदरा आहे, जवळच.

राहिला अंदमानचा प्रश्न, कारण मराठी घराला कधी ना कधी तिथे जायचंच असतं. त्याला वाट आहे, आणि ती लहान मुलांच्या घरांनाच मोकळी आहे. पहिलीत जाण्याचं वय सहा. तोवर मूल शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेलं नसतं. बालवाडीचा एक आठवडा बुडल्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही. म्हणजे ज्यांना फेब्रुवारीत, शांत समुद्र आणि कोरड्या हवेत अंदमानला जाता येईल अशी हीच घरं, आणि तीच गर्दीबरोबर मेमध्ये जातात. फेब्रुवारीत गेलात तर सूर्य तिथे पहाटेच वर येतो, पाच-साडेपाचला मावळतीला लागतो. लवकर उठणाऱ्या, लवकर पेंगणाऱ्या मुलांना ते सोयीचंच. बाराटांगची पहाटे तीनची, गाड्यांच्या ताफ्यातली फेरी मात्र गाळावी. मुलांचे हाल होतात, आणि वाटेत जारवा आदिवासी दिसतील या आशेने काचेला नाक लावायला मुलांना शिकवू नये. संगमनेरात या सल्ल्याला मर्यादा आहे, हेही खरं. ऊसवाल्याचा, कारखान्यातल्या माणसाचा फेब्रुवारी गाळपात जातो. शिक्षक दांपत्याला मेशिवाय सुट्टी नाही. गोठा असलेल्या घराला तर बारा महिने दोन वेळची धार चुकत नाही, तिथे कुणी तरी मागे राहणारच. थोरला चौथीत आणि धाकटी बालवाडीत असेल तरीही फेब्रुवारी हातचा जातो. अशा घरांनी अंदमानच धरायचं ठरवलं तर मेचे पहिले दहा दिवस गाठावेत, लग्नं आणि आजोळ नंतर ठेवावं, बेटं दोनच करावीत, आणि परतीच्या विमानाआधीचे दोन मुक्काम बोटीच्या अलीकडे, श्री विजयपुरममध्येच टाकावेत.